फॅमिली पेन्शन नाकारली तर कोर्ट नेमकं काय तपासतं?

फॅमिली पेन्शनचा दावा फेटाळला गेला की घरचे लोक वकिलाला पहिला प्रश्न विचारतात, "कोर्ट आम्हाला पेन्शन मिळवून देईल का?" कोर्टाचं लक्ष मात्र आधी कार्यालयाच्या निर्णयाकडे जातं. तो कोणत्या नियमाने घेतला? तो नियम या कुटुंबाला लागू होता का? त्यांचं म्हणणं ऐकलं का, दिलेले कागद वाचले का, कारणं लिहिली का? हे सगळं जागेवर असेल, तर "दुसऱ्या अधिकाऱ्याने कदाचित वेगळं ठरवलं असतं" एवढ्यावर कोर्ट निर्णय फिरवत नाही. त्यामुळे अशी बरीच प्रकरणं कोर्टाची पायरी चढण्याआधी, कार्यालयाच्या फाइलमध्येच जिंकली किंवा हरली जातात. ही गोष्ट वेळेवर कळली तर विधवा बाईची अनेक वर्षं वाचतात.

हक्क कशातून येतो

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या निकालात स्वच्छ सांगितलं. २०१३ मध्ये झारखंड सरकारच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुढे म्हटलं की पेन्शन ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ खालची मालमत्ता आहे आणि नियमात तरतूद नसताना नुसत्या प्रशासकीय सूचनेवर ती रोखता येत नाही. कार्यालयाने फक्त एखादं परिपत्रक दाखवून पेन्शन अडवली असेल, तर हा मुद्दा थेट कामाला येतो.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आहेत आणि त्यातला नियम ११६ कुटुंब निवृत्तिवेतनाचा आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना २०२१ चे नियम लागू होतात. तिथे हीच तरतूद नियम ५० मध्ये आहे आणि आधीच्या १९७२ च्या नियमांत ती नियम ५४ मध्ये होती. सर्वसाधारण दर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, आणि सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर ५० टक्के. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या, म्हणजे एनपीएसमधल्या (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्या) कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याच्या कुटुंबालाही फॅमिली पेन्शन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) देणारा शासन निर्णय ३१ मार्च २०२३ चा आहे. "एनपीएसवाल्यांना फॅमिली पेन्शन नसते" असं आजही खिडकीवर सांगितलं जातं. त्या वेळी हा शासन निर्णय हातात असू द्या.

एक गैरसमज कार्यालयं आणि कुटुंबं दोघांच्याही डोक्यात घट्ट बसलेला आहे. फॅमिली पेन्शन ही मृत व्यक्तीची इस्टेट नाही. त्यामुळे ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही आणि नामनिर्देशनानेही फिरवता येत नाही. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या भावाने मृत्युपत्राच्या आधारे दावा केला होता. त्या व्हायोलेट आयझॅक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हे स्पष्ट केलं. पेन्शन कुणाला मिळणार हे नियमातली "कुटुंब" ही व्याख्या आणि त्यातला क्रम ठरवतो: आधी पत्नी किंवा पती, मग पात्र मुलं, त्यानंतर अवलंबून असलेले आई-वडील वगैरे. नामनिर्देशन चालतं ते उपदान आणि भविष्य निर्वाह निधीला.

वारसा प्रमाणपत्राची मागणी याच गोंधळातून येते. पत्नी एकच आहे, सेवापुस्तकात तिचं नाव आहे, दुसरा कुणी दावेदार नाही, आणि तरीही कार्यालय "आधी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणा" म्हणत असेल, तर कोणत्या नियमाखाली ते मागितलंय हे लेखी विचारा. अशी विनाकारण अट कोर्टात टिकणं अवघड असतं.

आधी लेखी नकार मिळवा

राज्य शासनाच्या प्रकरणात कागद असा फिरतो. कर्मचाऱ्याचं कार्यालय प्रस्ताव तयार करतं. तो मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातो. तिथून पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश निघतो आणि जिल्हा कोषागार किंवा मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय पैसे देतं. प्रस्तावात खोट असली तर महालेखापाल तो आक्षेप लावून परत पाठवतात, आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच महिनोन्महिने पडून राहतात, कारण आक्षेपाचं पत्र कुटुंबापर्यंत पोचतच नाही. म्हणून साखळीतल्या कोणत्या कडीवर फाइल अडलीय हे आधी शोधायचं.

तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही. कार्यालयप्रमुखांच्या नावे निवेदन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुणी नकार दिला तर स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. मजकूर लांबलचक नको. साधारण असा पुरतो:

"माझे पती श्री. … हे आपल्या कार्यालयात … या पदावर कार्यरत असताना दि. … रोजी मयत झाले. नियम ११६ अन्वये कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दि. … रोजी अर्ज व सोबतच्या यादीतील कागदपत्रे सादर केली आहेत. प्रकरणी त्रुटी असल्यास त्या एकाच वेळी लेखी कळवाव्यात. दावा अमान्य असल्यास संबंधित नियम व कारणे नमूद करून आदेश द्यावा."

या मजकुरात "एकाच वेळी" हे शब्द मुद्दाम ठेवायचे. मार्चमध्ये विवाहाचा दाखला, जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला, सप्टेंबरमध्ये नावात फरक असल्याचं प्रतिज्ञापत्र, अशा हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या त्रुटींनी वर्ष निघून जातं. तुम्ही सगळं एकदम मागितलं होतं हा कागद पुढे विलंबाबद्दल व्याज मागताना उपयोगी पडतो. सोबतच्या कागदांची क्रमांकित यादी जोडा. कार्यालयाला कधी न दिलेला कागद कोर्टात पहिल्यांदा काढला, तर "हा आमच्यासमोर नव्हताच" असं उत्तर येतं आणि ते उत्तर चूक नसतं.

कारणांसह आदेश हवा, यामागे कायद्याचा पक्का आधार आहे. मुंबईचे पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी हा १९५१ चा निकाल आणि १९७७ चा मोहिंदर सिंग गिल निकाल मिळून एक नियम देतात: सरकारी आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला किंवा पडला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं घालून त्याला टेकू देता येत नाही. आदेशात "नामनिर्देशन नाही म्हणून अमान्य" असं असेल आणि कोर्टात खातं विवाहाच्या वैधतेचा वाद काढू लागलं, तर हा नियम त्यांना अडवतो.

सेवापुस्तकातली कुटुंबाच्या तपशिलाची नोंद, भरून दिलेले नमुने आणि फाइलवरच्या टिपण्या माहिती अधिकारात मागा. "त्रयस्थाची वैयक्तिक माहिती" म्हणून नकार येण्याची शक्यता असते, म्हणून अर्जातच मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा. उत्तर ३० दिवसांत न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

कोणाचं प्रकरण कुठे चालतं

चुकीच्या दारात गेलं तर अर्ज गुणदोषावर न ऐकता परत येतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट आहे. ते मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे बसतं. केंद्राचे नागरी कर्मचारी, टपाल आणि रेल्वे यांच्यासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका इथले कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या कुटुंबांना अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते, आणि अनुदानित खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या पेन्शनचंही तसंच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची पत्नी मॅटमध्ये अर्ज करते आणि वर्षभराने "अधिकारक्षेत्र नाही" एवढं ऐकून परतते, असं घडू देऊ नका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ झालं आहे. गोव्यात राज्य कर्मचाऱ्यांसाठी मॅटसारखी व्यवस्था नाही, तिथली प्रकरणं पर्वरीच्या उच्च न्यायालयात चालतात.

सैनिकांच्या कुटुंबांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं एक पीठ मुंबईत बसतं. तिथे भांडण बहुधा पेन्शन द्यायची की नाही यावर नसतं, ती कोणत्या प्रकारची यावर असतं. साधारण फॅमिली पेन्शन ३० टक्के, मृत्यू सेवेशी निगडित ठरला तर विशेष ६० टक्के, आणि युद्धसदृश परिस्थितीतला असेल तर उदारीकृत म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी. जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या हवामानात गस्तीवर असताना वारलेल्या एका जवानाच्या पत्नीला न्यायाधिकरणाने उदारीकृत पेन्शन दिली. त्यावर केंद्र सरकार अपिलात गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं आणि या बाईंना कोर्टात ओढायलाच नको होतं असं नमूद करून सरकारवर ५०,००० रुपये खर्च बसवला.

मुदत: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

मॅट आणि कॅट दोन्हींना प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ लागू आहे. कलम २० म्हणतं, आधी खात्यातले उपाय वापरा. कलम २१ म्हणतं, अंतिम आदेशापासून एक वर्षात या. निवेदन दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबायचं आणि तिथून एक वर्ष मोजायचं. म्हणजे १ मार्च २०२५ ला दिलेल्या निवेदनाला उत्तर नसेल, तर सहा महिने १ सप्टेंबर २०२५ ला संपतात आणि तिथून वर्षभराच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. सशस्त्र दल न्यायाधिकरणात अंतिम आदेशानंतरची मुदत फक्त सहा महिने आहे. रिट याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशिराचं कारण द्यावं लागतं.

लोक दर सहा महिन्यांनी नवं स्मरणपत्र देत राहतात आणि समजतात की मुदत चालू आहे. एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कायद्यात तरतूद नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. मुदत उलटून गेली असेल तर मूळ अर्जासोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज द्या आणि त्यात कालावधीनुसार कारणं लिहा: आजारपण, मुलं लहान असणं, कार्यालयाने "प्रस्ताव पाठवलाय" असं लिहून दिलेली पत्रं. "अज्ञानामुळे उशीर झाला" एवढं एक वाक्य लिहून भागत नाही.

पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून ती नाकारणं ही सतत चालणारी चूक मानली जाते आणि उशिरा आलेला दावाही ऐकला जातो. पण तरसेम सिंग निकालाने (२००८) याला मर्यादा घातली. अशा वेळी थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हिशेब करून पाहा. २०१२ पासून पात्र असलेली बाई २०२५ मध्ये कोर्टात आली, तर थकबाकी २०२२ पासूनची. दरमहा सरासरी १०,००० रुपये धरले तरी मधल्या दहा वर्षांचे १२ लाख गेले. हे नुकसान कोणताही वकील नंतर भरून काढू शकत नाही.

अर्जात काय असावं

कॅटमध्ये मूळ अर्जाचं शुल्क ५० रुपये आहे आणि अर्जदार स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो. वकील हवा असेल आणि पैसे नसतील, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ लक्षात ठेवा: स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. हा हक्क बहुतेक विधवांना कुणी सांगतच नाही, आणि त्या दागिने मोडून फी भरतात.

अर्जात आव्हान दिलेल्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख, तारखेवार घटनाक्रम, कोणता नियम मोडला ते, आणि नेमकी मागणी हवी. "न्याय मिळावा" ही मागणी होत नाही. "अमुक दिनांकाचा आदेश रद्द करावा, अमुक तारखेपासून नियम ११६ प्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन द्यावे, थकबाकी व्याजासह द्यावी" ही मागणी. व्याज मागितलं नाही तर बहुधा मिळत नाही. प्रतिवादी म्हणून संबंधित विभागाचे सचिव, नेमणूक करणारा अधिकारी आणि महालेखापाल यांना घ्या. दुसरा दावेदार असेल, म्हणजे दुसरी पत्नी, सासू किंवा पहिल्या विवाहातली मुलं, तर त्यांनाही पक्षकार करावंच लागतं. त्यांना टाळून मिळवलेला आदेश त्यांच्या पहिल्या अर्जासरशी कोसळतो.

कोर्ट कुठे थांबतं

नागपूरचं एक प्रकरण इथे डोळ्यांपुढे ठेवण्याजोगं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयातला एक अधीक्षक १९९३ मध्ये निवृत्त झाला आणि १९९४ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या पत्नीने १९९६ मध्ये एक मुलगा दत्तक घेतला. पुढे त्या मुलासाठी फॅमिली पेन्शन मागितली, केंद्राने नाकारली. कॅटने मुलाच्या बाजूने निकाल दिला, २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उलटवला आणि १७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. दत्तकविधान वैध होतं, त्यावर वादच नव्हता. पण तत्कालीन नियम ५४ मध्ये "कुटुंब" म्हणजे कर्मचाऱ्याच्या हयातीत त्याच्याशी नातं असलेली माणसं आणि मृत्यूनंतर जन्मलेलं त्याचं अपत्य. मृत्यूनंतर विधवेने घेतलेलं दत्तक मूल त्यात बसत नाही. हिंदू दत्तक कायद्यातला हक्क वेगळा आणि पेन्शन नियमातली व्याख्या वेगळी. मुलाची गरज किती, हा प्रश्न त्या चौकटीत येतच नाही.

दुसऱ्या पत्नीचं तसंच. नियम ११६ मध्ये एकाहून जास्त विधवा असतील तर समान वाटे करण्याची तरतूद आहे, म्हणून वर्षानुवर्षं हे दावे येत राहिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की ही तरतूद व्यक्तिगत कायद्याने एकाहून अधिक विवाह मान्य असतील तिथेच लागू होते. पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट नसताना झालेल्या हिंदू विवाहातली दुसरी पत्नी तिच्यात येत नाही. मात्र तिच्या मुलांचा हक्क यामुळे जात नाही. रामेश्वरी देवी निकालात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या पत्नीला नकार देऊन अल्पवयीन मुलांना वाटा दिला होता. त्यामुळे अशा घरांत आईच्या नावाने हरण्यापेक्षा मुलांच्या नावाने वेळेत अर्ज करणं शहाणपणाचं, कारण मुलांची पात्रता वयाला बांधलेली असते आणि वय कोर्टासाठी थांबत नाही. पहिल्या पत्नीशी घटस्फोट झाल्यानंतर दोघं दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिले असतील, तर गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये एका सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दीर्घ सहजीवनावरून विवाहाचं अनुमान काढून पेन्शन दिली.

विवाह झालाच नव्हता, कागद खोटे आहेत, असा वस्तुस्थितीचा वाद असेल तर न्यायाधिकरण किंवा रिट न्यायालय साक्षीपुरावे घेत बसत नाही. ते कौटुंबिक न्यायालयाकडे बोट दाखवतं. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ खाली वैवाहिक दर्जाची घोषणा तिथे मागता येते. असा वाद दिसत असेल तर आधी ती घोषणा मिळवा. दोन्हीकडे वेळ घालवण्यापेक्षा हा रस्ता जवळचा पडतो.

निकाल हातात आल्यावर

जिंकलं म्हणजे पुढच्या महिन्यात पैसे असं नाही. बरेचदा आदेश एवढाच असतो: नकार रद्द, कार्यालयाने अमुक आठवड्यांत सुनावणी देऊन नव्याने निर्णय घ्यावा. सुनावणीला न चुकता जा आणि लेखी म्हणणं द्या. पुन्हा नकार आला तर तो नवा आदेश असतो आणि त्याला नव्याने आव्हान द्यावं लागतं. नियम स्पष्ट असेल आणि वस्तुस्थितीवर वाद नसेल, तर वकिलाला सुरुवातीलाच सांगा की प्रकरण परत न पाठवता थेट पेन्शन देण्याचा आदेश मागायचा.

मॅट किंवा कॅटमध्ये हरलात, तर १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानुसार उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाता येतं. तिथे पुराव्यांचं नव्याने मोजमाप होत नाही. न्यायाधिकरणाने कायद्याची चूक केली का, एवढंच पाहिलं जातं. खातंही हाच रस्ता धरतं, म्हणून तुमच्या बाजूने निकाल लागताच उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं आणि तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणं टळतं. "आम्ही वर गेलो आहोत" असं कार्यालयाने सांगितलं तर स्थगितीचा आदेश मागा. नुसती याचिका दाखल केल्याने पैसे देण्याची जबाबदारी थांबत नाही. दिलेली मुदत उलटली तर अवमान अर्ज एका वर्षाच्या आत करायचा असतो.

सुधारित पीपीओ आला की तीन तारखा तपासा: पेन्शन सुरू होण्याची, वाढीव दर संपण्याची, आणि थकबाकी ज्या तारखेपासून काढली ती. पेन्शन सामान्यतः मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते. ती आदेशाच्या तारखेपासून लावलेली दिसली, तर लगेच लेखी हरकत घ्या आणि तिच्यावरही आवक क्रमांक घ्या.